मिलीबगची लढाई एप्रिलमधली

द्राक्षबागेत मिलीबग दिसतो तो घडात साखर उतरताना. मण्यांवर चिकटा, त्यावर काळी बुरशी, आणि बघता बघता निर्यातीचा माल बेदाण्यावर जातो. मग धावपळीने फवारणी सुरू होते. आमचे स्पष्ट मत आहे की तोवर उशीर झालेला असतो.

हा पिठ्या ढेकूण खोडाच्या आणि ओलांड्याच्या सुटलेल्या सालीखाली दडून राहतो. मादी तिथेच कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंगावरच्या मेणामुळे औषध त्याला नीट भिडत नाही, आणि भरल्या घडात तर फवारा पोचतच नाही. काढणीच्या तोंडावर मारलेल्या औषधाचा अंश मात्र मण्यात उरतो. ज्या औषधासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे कीड राहते आणि माल नाकारला जातो.

म्हणून खरे काम एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे. सुटलेली साल हाताने काढावी, ती बागेबाहेर नेऊन जाळावी, खोड धुऊन घ्यावे. बांधावरची जास्वंद आणि शेजारची भेंडी याच किडीला पोसतात, त्यांच्यावरही नजर हवी. मुंग्यांकडे तर आपले फारच दुर्लक्ष होते. चिकट्याच्या लोभाने त्या मिलीबगची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्यांची वारुळे मोडल्याशिवाय जैविक उपाय नीट लागू पडत नाहीत.

ऑस्ट्रेलियातून 1898 मध्ये भारतात आणलेला क्रिप्टोलिमस हा ढालकिडा मिलीबगची अंडी आणि पिल्ले फस्त करतो. पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुटणाऱ्या डोळ्यांवर उडद्या भुंगेरा आला, की आपण सरसकट जहाल औषध मारतो आणि त्यात हा मित्रही मरतो. उडद्याच्या वेळी फवारणी टाळता येत नाही, हे मान्य. फुलकिडे आणि तुडतुड्यांसाठी मात्र आधी पाने झटकून कीड मोजावी, मगच पंपाला हात लावावा. दुकानदाराने दिलेले वेळापत्रक म्हणजे बागेची पाहणी नव्हे.

साल काढायला मजुरी लागते आणि एप्रिलमध्ये बागायतदाराच्या हातात पैसा नसतो, ही अडचण खरी आहे. सहकारी संस्थांनी आणि निर्यातदारांनी औषधांच्या उधारीइतकीच या मजुरीसाठीही उचल द्यावी.