आधी निदान, मग पार्ट

ताम्हिणी घाटात पाऊस लागला की माझी जुनी पेट्रोल जिप्सी चढावर झटके द्यायची. ऊन पडलं की पुन्हा शहाणी. गॅरेजात प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ झाला, मग कॉईल नवी आली. तीन बिलं भरली, झटके तसेच.

शेवटी एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियन काकांनी रात्री अंगणातले दिवे मालवले, इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीतून निळी ठिणगी इंजिनच्या धातूवर उडताना मी स्वतः पाहिली. वायरीच्या रबराला केसाएवढी चीर होती. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. ओल असली की ते त्या सोप्या वाटेनं निसटायचे.

काकांनी पैसे घेतले फक्त वायरींचे. हे मला मुळीच पटलं नाही. आपण पार्टचे पैसे निमूट देतो आणि दोष शोधणाऱ्याची अक्कल फुकट मागतो. म्हणून तर गॅरेजवालेही पार्टच बदलत बसतात. तपासणीची मजुरी वेगळी द्या. आणि पार्ट बदलण्याआधी एवढंच विचारा: कशावरून?