बाजाराला न दिसणारी गाठ

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, म्हणजेच पिट्यूटरी ग्रंथी, जेमतेम वाटाण्याएवढी असते. तिच्यात काही मिलिमीटरची गाठ झाली तरी चेहरा गोल फुगतो, स्नायू झिजतात, रक्तदाब व मधुमेह माणसाला पोखरतात. हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली या विकाराचे मूळ पीयूषिकेत दाखविले. निदान मात्र कठीणच राहिले. एमआरआयमध्येही अशी गाठ पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या शिरांतील रक्त तपासून दोष तेथेच आहे की अन्यत्र, हे ठरवावे लागते. मगच नाकावाटे शस्त्रक्रिया करता येते. या तपासणीचा २८१ रुग्णांवरील अभ्यास अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केला.

वैद्यकसेवेचा बाजार मांडणाऱ्या त्या देशातही हे कार्य सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि संशोधनातील रुग्णांकडून शुल्क न घेणाऱ्या रुग्णालयात झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. दुर्मिळ रोगाचे विखुरलेले रुग्ण वर्षानुवर्षे गोळा करण्यात नफा नसतो. खाजगी भांडवल त्या वाटेला सहसा जात नाही.

आपल्याकडे परळच्या के.ई.एम. या महापालिकेच्या रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार आणि संशोधन होते. अशा रुग्णालयांच्या अंदाजपत्रकाला कात्री लावणे म्हणजे गरिबाची खाट काढून घेणे तर आहेच, शिवाय उद्याचे ज्ञानही गमावणे आहे. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वॉर्डावॉर्डांत मांडला पाहिजे.