सूट मिळाली, जबाबदारी उरली

‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. थोडक्यात, जुन्या शिक्षकांच्या हाती आता मुदतीचा परवाना आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवून तोवर त्यांना सूट दिली.

आपल्यातल्या अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. कलम ३० चा हक्क जपलाच पाहिजे. वीस वर्षे शिकवणाऱ्याची लायकी एका पेपरवर ठरवणेही बरोबर नाही. पण तयारी नसलेल्या शिक्षकासमोर बसणारी मुले आपलीच आहेत, आणि त्यांना पुढे कोणतीही सूट मिळणार नाही.

टीईटी दीडशे गुणांची आहे, उर्दूतूनही देता येते. पंचवटी असो वा जुने नाशिक, शिकलेल्या तरुणांनी जवळच्या शाळेतल्या शिक्षकांना रविवारचे दोन तास द्यावेत : गणित, इंग्रजी, सराव प्रश्नपत्रिका. सक्ती येण्याआधीच आपल्या शाळा तयार असू द्या.