पीएसएचा आकडा म्हणजे निकाल नव्हे

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये पन्नाशीपुढच्या पुरुषांची पीएसए ही रक्तचाचणी आता सहज होऊन जाते. आकडा चारच्या वर गेला की घरात कॅन्सरची भीती शिरते, खाली राहिला की सगळे निर्धास्त होतात. दोन्ही घाईचे आहे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. ग्रंथी वयानुसार वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला, तरी ते रक्तात वाढते. उलट फिनास्टेराइडची गोळी काही महिने चालू असेल तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. अमेरिकेत १९८६ साली या चाचणीला मान्यता मिळाली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी; निदानाला मदत म्हणून ती १९९४ मध्ये मान्य झाली. म्हणून वाढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा, तो ग्रंथीच्या आकारमानाशी ताडून पाहावा आणि गरज असेल तर एमआरआय करून मगच बायोप्सीकडे वळावे.

कॅन्सर किती आक्रमक आहे, हे मुख्यतः बायोप्सीतल्या पेशी सांगतात. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात मांडलेली श्रेणी आजही पायाभूत आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट रुग्णाने जरूर समजून घ्यावी. तिच्यात पेशींच्या रचनेच्या दोन मुख्य नमुन्यांचे आकडे मिळवतात; ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच. पण पहिल्या आकड्याचा नमुना गाठीत जास्त असतो, म्हणून ४+३ अधिक धोक्याचे. अहवालात नुसते ‘सात’ लिहिले तर हा फरक पुसला जातो. एक ते पाच असे श्रेणीगट आले ते हा गोंधळ टाळण्यासाठीच. शिवाय एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्ट वेगळी वाचू शकतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी स्लाइड दुसऱ्या अनुभवी डोळ्यांखालून जाणे हा डॉक्टरवरचा अविश्वास नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, आता पेशींतल्या जनुकांच्या चाचण्या आल्या आहेत, मग जुन्या सूक्ष्मदर्शकात का अडकायचे? डेसिफर २२ जनुके मोजते, ऑन्कोटाइप १७, आणि त्यातून धोक्याचा अंदाज काही रुग्णांत खरोखर सुधारतो. पण या चाचण्या महाग आहेत आणि त्यांची पारख मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवर झाली आहे. त्या श्रेणीला जोड देतात, तिची जागा घेत नाहीत. उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर तो खर्च कुटुंबावर लादू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे अनेक रुग्ण आजार हाडांत पसरल्यावरच येतात. त्यांच्यासाठी ही बारीक निवड कसली? त्यांना विलंब न करता उपचार हवेत, हे खरेच. पण पॅकेजमुळे लवकर सापडणारे रुग्णही आता वाढणार, आणि त्यांच्यावर अकारण शस्त्रक्रिया झाली तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता पणाला लागते. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा देखरेख अशा तीन गटांत वाटले होते. पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू सुमारे तीन टक्क्यांच्या आतबाहेर राहिले, तिन्ही गटांत. मात्र देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या दुप्पट होते. म्हणजे थांबायचे असेल तर नेमाने तपासत थांबायचे, आणि कोणी थांबावे हे ठरवायला श्रेणी अचूक हवी.

नागपुरात मेडिकल कॉलेज, एम्स, तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. विदर्भासह छिंदवाडा-बालाघाटचे रुग्ण इथेच येतात. या संस्थांनी मिळून प्रोस्टेटच्या स्लाइडच्या दुसऱ्या वाचनाची स्वस्त सोय उभी करावी. आणि वाचकहो, घरात असा अहवाल आला तर डॉक्टरांना आधी विचारा : ग्लीसनचे दोन आकडे कोणते, आणि श्रेणीगट कितवा? बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही जपून ठेवा. दुसरे मत त्यांच्यावरच मिळते.