टाळूवरचं टेन्शन

ऑफिसच्या लिफ्टमधला आरसा महादुष्ट. वरचा लाइट थेट टाळूवर पडतो आणि 'अरे, इथे विरळ झालंय की!' हा साक्षात्कार नेमका सोमवारी सकाळी होतो. मग शनिवारी कुणीतरी हप्त्यावरचं 'हेअर पॅकेज' गळ्यात मारतं. थांबा बॉस! कार्ड काढण्याआधी एकच विचारा : हे केस टिकवणार, की टक्कल झाकणार? दोन्ही चालेल, पण पैसे कशाचे मोजतोय ते कळायला हवं.

टिकवणाऱ्यांत पुरावा भक्कम आहे तो दोन औषधांचा. मिनॉक्सिडिल मूळचं ब्लडप्रेशरचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि औषध डोक्यावर पोचलं! १९८८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला केस जास्तच गळू शकतात. घाबरून बाटली फेकू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलंत, तर कमावलेलं काही महिन्यांत जातं. दुसरी फिनास्टेराइडची गोळी, १९९७पासून पुरुषांच्या टकलासाठी. काहींना सेक्सच्या तक्रारी किंवा डिप्रेशन येतं, त्यामुळे मित्राच्या सल्ल्याने नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. पीआरपीत तुमचंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचतात. सिटिंग्ज बऱ्याच, रिझल्ट मात्र माणसागणिक वेगळा.

झाकायचंय? केराटिनचे फायबर्स भुरभुरवा; ते असलेल्या केसांना चिकटतात, तुळतुळीत टाळूवर उपयोग शून्य. मुंबईच्या पावसात तर जपूनच! हेअर पॅच झकास दिसतो, पण त्याचं सर्व्हिसिंग आलंच. बजेट धरताना तो खर्चही धरा. स्काल्प मायक्रोपिग्मेंटेशन म्हणजे टाळूवर रंगाचे बारीक ठिपके. बारीक कापलेल्या केसांचा भास होतो, केस उगवत नाहीत.

आणि मुलींनो, डेंग्यू, क्रॅश डाएट किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. हे टक्कल नव्हे. बहुतेकदा आपोआप भरून येतं. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासा, पार्लरचं पॅकेज नंतर.

रोज पन्नास ते शंभर केस जाणं नॉर्मल आहे. त्याहून जास्त वाटलं तर पहिली फी स्किनच्या डॉक्टरांना द्या. आणि हे सगळं नकोच असेल तर? ट्रिमर फिरवा, मोकळे व्हा. तोही ऑप्शनच आहे!