फाईल माझी, एडिटर कोणताही!

गेल्या सेमला पीएलमध्ये माझ्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावरही येऊ नये! रात्रीचे दोन, सकाळी डीबीएमएसचा पेपर, हॉस्टेलचं वायफाय नेहमीप्रमाणे झोपलेलं, आणि माझं नोट्सचं ॲप म्हणतंय, पुन्हा लॉग-इन करा. चार महिन्यांच्या नोट्स त्यात! शेवटी शेजारच्या रूममधल्या पोराची झेरॉक्स आळीपाळीने वाचली. पास झालो, पण नॉर्मलायझेशनचा अख्खा प्रश्न सोडून आलो.

त्या ॲपचं नाव सांगत नाही. दोष माझाही आहे, एक्सपोर्ट कधी करून पाहिलंच नव्हतं. पेपर संपल्यावर पाहिलं, तर तक्ते मोडलेले आणि आकृत्या गायब.

मग एका सिनियरने मार्कडाऊन दाखवलं. जॉन ग्रुबर याने २००४ साली ही पद्धत काढली, ॲरन स्वार्ट्झची त्यात मदत होती. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे टाकले की ठळक. शिकायला एक चहा पुरतो. फाईल साधी टेक्स्टची, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते.

खरी भांडणं पुढेच सुरू होतात राव! लिहायचं कशात? आमच्या विंगमध्ये एक ऑब्सिडियनवाला, एक टायपोरावाला, आणि एक विमवाला (त्याच्याशी वाद घालू नये, जेवण थंड होतं). ऑब्सिडियनवाल्याने दोन रात्री फक्त थीम निवडण्यात घालवल्या. नोट्स? अजून एकही नाही.

माझं मत असं, की एडिटर देखणा किती, हे नंतर बघा. आधी बघा, तो उद्या बंद पडला तर तुमच्या हातात काय उरतं? ॲटम हा एडिटर एके काळी किती लाडका होता! गिटहबने १५ डिसेंबर २०२२ ला तो बंद केला. ज्यांच्या नोट्स डॉट-एमडी फायलींत होत्या, त्यांनी तोच फोल्डर दुसऱ्या एडिटरमध्ये उघडला आणि पुढे लिहायला लागले. टायपोरा बीटा असताना फुकट होता, २०२१ पासून पैसे पडतात. नसतील द्यायचे तर सोडा, फायली तुमच्याच आहेत. जॉप्लिन ओपन सोर्स आहे, चांगलाही आहे, पण तो नोट्स डेटाबेसमध्ये ठेवतो, म्हणजे बाहेर पडताना एक्सपोर्ट आलंच. ऑब्सिडियन ओपन सोर्स नाही, तरी फायली साध्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून मला तो चालतो. मात्र त्याचे प्लगइन जपून वापरा. डेटाव्ह्यूने केलेली सुंदर यादी दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली की नुसती क्वेरी दिसते, यादी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मी म्हणतो, आपल्याच मासिकाच्या कपाटातल्या जुन्या सीडी बघा. यंदा अंकाच्या कामासाठी एक लावली. मराठी विभागाची फाईल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचा गोपाळकाला! त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. कुणीतरी रात्र जागून लिहिलेली कविता असेल ती... वाचता आली नाही. तेव्हाच्या संपादकांना नावं ठेवत नाही, त्यांच्याकडे दुसरं होतं काय? आपल्याकडे युनिकोड आहे.

म्हणून एडिटर निवडताना मराठीत चार ओळी टाईप करून बघाच. विमवाल्याच्या टर्मिनलमध्ये आमची जोडाक्षरं फुटली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. (तो म्हणतो, इंग्रजीत लिही!)

मी सध्या व्हीएस कोड वापरतो. कारण फार थोर नाही. प्रोग्रामिंगसाठी तो तसाही लॅपटॉपवर होता, आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की छापल्यासारखं पान दिसतं. सबमिशनला वर्डचीच फाईल लागते, तिथे पॅनडॉक कामाला येतो, एका कमांडमध्ये डॉक्स तयार. सर्किटच्या आकृत्या मात्र अजून वहीत काढतो आणि फोटो टाकतो. ते फोटो वेगळ्या फायलींत राहतात, तेव्हा ज्युनियरला नोट्स देताना अख्खा फोल्डर द्या, नाहीतर त्याच्या नशिबी 'आकृती पाहा' आणि खाली शून्य!

आज रात्री एक करा. वायफाय बंद करा आणि तुमची सगळ्यात महत्त्वाची नोट नोटपॅडमध्ये उघडून बघा. उघडली नाही तर माझ्या रूमवर या. चहा तुमच्याकडून!