पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कौतुकाने कोणी वापरत नाही. वरचेवर बदली होणारा सरकारी नोकर, दर वर्षी खोली बदलणारा विद्यार्थी, नाहीतर एका वळकटीचा धनी असलेला ब्रह्मचारी, यांच्या वाट्याला ती येते. आणि तीही थोडी कीव मिसळून. पण जगात असे देश आहेत की जिथे माणसे हौसेने विंचू होतात. चांगल्या चार खोल्यांच्या घराला कुलूप लावतात, एका खोलीचे दुसरे घर मोटारीच्या मागे जोडतात आणि निघतात. या चाकांवरच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आमच्या सोलापूरच्या रस्त्यांवर मात्र हा विंचू मला अजून भेटलेला नाही.

या हौसेचा मूळपुरुष म्हणून गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या स्कॉटिश डॉक्टरचे नाव घेतात. त्याने ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, या नावाची दोन टन वजनाची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि १८८५ साली दक्षिण इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. सोबत कुत्रा होता, पोपट होता आणि एक गडी होता. हा गडी तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन ‘मागून घर येत आहे, वाट द्या’ असे समोरून येणाऱ्यांना सांगत असे. १९०७ साली तिकडे कॅराव्हॅन क्लब निघाला, तेव्हा या डॉक्टरसाहेबांना त्याचे उपाध्यक्षपद मिळाले. त्या सायकलवाल्या गड्याला काय मिळाले कोण जाणे! माझा जीव मात्र त्याच्यावरच जडला आहे.

असल्या क्लबाचे एक सभासद गेल्या आषाढात आमच्या शेजारी येऊन राहिले होते. शेजारच्या काकूंचे हे चिरंजीव. एके काळी माझ्या वर्गातले, त्यामुळे अजून मला ‘सर’ म्हणतात. अकरा वर्षे मेलबर्नला आहेत. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिथे मेलबर्न कपची शर्यत असते आणि शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी. मधल्या सोमवारी रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. घोडा धावणार म्हणून गावाने सुट्टी घ्यावी, हे ऐकून आमच्या घरात हसे पिकले. पण रिंगणातला अश्व पाहायला आपली गावेच्या गावे शेतातली कामे टाकून उभी राहतात, हे काकूंनी लक्षात आणून दिले तेव्हा सगळे गप्प झाले.

तर या चार दिवसांत क्लबाच्या दहा-बारा गाड्या एकामागून एक निघतात. मैलोगणती गव्हाची राने, मेंढ्या, निलगिरीची झाडे आणि मध्येच एखादे दहा घरांचे गाव. ब्रिम नावाच्या अशाच एका खेड्यात धान्याच्या उंच कोठारांवर २०१६ साली एका चित्रकाराने चार शेतकरी काढले आहेत, वेगवेगळ्या पिढ्यांचे. ते पाहायला आता शहरांतून लोक वाट वाकडी करून येतात. ‘भिंतीवरचे शेतकरी पाहायला गर्दी, सर, आणि शेतातले कमी कमी होताहेत,’ असे चिरंजीव म्हणाले. ही गोष्ट समजायला मेलबर्नला जावे लागत नाही, पण असो.

प्रवासाचे त्यांचे नियम मला फार आवडले. सांज होण्यापूर्वी मुक्काम गाठायचा, कारण दिवेलागणीला कांगारू रस्त्यावर येतात. गाड्यागाड्यांतून बोलायला रेडिओ असतो आणि कॅराव्हॅनवाल्यांनी त्याचा अठरावा चॅनेल धरायचा असा संकेत आहे. सांडपाणी वाटेल तिथे सोडायचे नाही; शौचाची टाकी नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करायची. आणि सामान भरण्याचे तर शास्त्रच. घराचा सुमारे दहावा हिस्सा भार मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे. मागे वजन जास्त झाले, तर भर वेगात घर शेपटीसारखे डोलू लागते आणि मोटारीलाही उलथवते. जड सामान म्हणून चाकांच्या जवळ, मध्यावर ठेवायचे.

काकू इतका वेळ शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे गाडी उलाळ व्हायला नको, इतकंच ना?’

चिरंजिवांना हा शब्द ठाऊक नव्हता. बैलगाडीत भार मागे झाला की ती उलाळ, जू वर उचलले जाते. पुढे झाला की धुरजड, बैलांच्या मानेवर बसते. काकूंचे माहेर माळशिरस तालुक्यातले. यात्रेला निघताना गाडी भरणाऱ्या वडिलांना त्यांनी लहानपणी पाहिले आहे.

आता या मायलेकांमधला खरा वाद सांगतो. काकूंचे वय अडुसष्ट. यजमान गेल्यापासून सोलापूरच्या घरात एकट्या. मुलाचे म्हणणे, मेलबर्नला चला. तिथे कॅराव्हॅन आहे, खिडकीपाशी बसून सारा देश पाहता येईल, आणि ते वारीचे पायी चालणे आता पुरे. गुडघा दुखतो, गर्दी असते, वाटेत काही झाले तर कोण पाहणार? काकूंचे उत्तर एकच : ‘एकदा दोन दिवस बरोबर चल, मग बोल.’ शनिवार-रविवार साधून आम्ही तिघे निघालो. मला न्यायचे कारण उघड होते. तंटा पेटला तर मध्यस्थ हवा.

काकू दरवर्षी नातेपुत्यापासून चालतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात शिरते; मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. आम्ही माळशिरसला गाठली. रस्ता पालखीमार्ग म्हणून ऐसपैस रुंद झाला आहे, पण रुंदीकरणात जुनी झाडे गेली आणि सावलीसाठी लोक ट्रकच्या कडेला दाटीने बसलेले दिसले.

ट्रक हे दिंडीचे चाकांवरचे घर. प्रत्येक दिंडीचा ट्रक, टँकर, तंबू, आचारी सारे पुढे जाते. माणसे पोचण्यापूर्वी राहुट्या उभ्या आणि चुली पेटलेल्या. वारकरी वर्गणी भरतो, तिला भिशी म्हणतात. बदल्यात त्याला दोन वेळचे जेवण आणि निजायला एक चादरभर जागा. दिंडीला नंबर असतो. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या शेकडो रथामागे. कोणी कोणाची जागा घेत नाही. ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सरदार. फौजेचा तळ कसा हलवावा हे जाणणाऱ्या माणसाने भक्तांचा तळ हलवला, म्हणून तो इतकी वर्षे न विस्कटता हलतो आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात, तेही तेव्हापासून. चिरंजीव वहीत टिपून घेत होते. क्लबाच्या पुढच्या सभेत सांगणार असावेत.

खुडूस फाट्याचे रिंगण पाहून आम्ही पुढे निघालो. वेळापूरच्या अलीकडे एक उंचवटा आहे, धावाबावी. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी समजूत. म्हणून इथे सगळी वारी धावते. सगळी म्हणजे सगळी : म्हातारी, पोरे, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. त्या धावण्यात काकू दिसेनाशा झाल्या.

फोन लागेना, लाखो माणसे एका माळावर आल्यावर लागणार कसा? चिरंजीव पुढे-मागे पळाले, घशाला कोरड पडेपर्यंत हाका मारल्या. ज्याला विचारावे तो एकच प्रश्न परत विचारी : ‘दिंडी नंबर किती? रथापुढं का मागं?’ त्यांना ‘मागे’ एवढेच आठवत होते. आईचे पारपत्र, औषधे, रक्तगट सारे फोनमध्ये होते. दिंडीचा नंबर नव्हता. मी घाबरलो नाही असे म्हणणार नाही. त्या पोराचा चेहरा पाहवत नव्हता. अकरा वर्षांत आईपासून तो इतका लांब कधी गेला नसावा.

दोन तासांनी एक तरुण वारकरी आमच्यापाशी आला. त्याने चिरंजिवांना खालून वर न्याहाळले, आणि विचारले, ‘मेलबर्नचे तुम्हीच काय? चला, माउली वाट बघायल्यात.’ राहुटीत काकू चहा पीत बसल्या होत्या. गुडघ्याला कोणी तेल चोळत होते. त्यांच्या हिशेबी हरवले होते ते चिरंजीव. आणि दिंडीने त्यांना शोधायला चौघे पाठवले होते.

संध्याकाळी समाजआरती झाली. चोपदाराने चोप उंच केला, आणि तो सारा माळ गप्प झाला. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते, तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याचे पुकारे. रेडिओ नाही, चॅनेल नाही. चिरंजीव माझ्या कानाशी म्हणाले, ‘सर, हे आमच्या क्लबात जमणार नाही.’ २०२० साली महामारीत पादुका एस.टी.ने काही तासांत पंढरपूरला पोचल्या होत्या. चाके होती, वाट तीच होती. काकू त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून रडल्या होत्या, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्या रात्री राहुटीत कळले.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे आल्यावर काकूंनी सहज विचारले, ‘तुमच्या त्या गाड्यांत सगळ्यांत मागं कोण असतं रे?’

‘सर्वांत जुना सभासद. हत्यारं त्याच्याकडे. कोणाची गाडी बंद पडली तर तो थांबतो.’

‘हं. मग बरी माणसं आहेत.’

एवढ्यावर वाद मिटला असे कोणी समजू नये. कार्तिकी एकादशी झाल्यावर डिसेंबरात काकू दोन महिन्यांसाठी जाणार. पुढच्या आषाढाआधी परत, ही अट लेखी घेतली आहे. अडले आहे ते तुळशीच्या माळेपाशी. ऑस्ट्रेलियात लाकूड, बी, दाणा यांविषयी फार कडक कायदा. जे असेल ते विमानतळावर लिहून द्यावे लागते. ‘खोटं लिहायचं नाही आणि माळ काढायची नाही,’ असे काकूंनी बजावले. मुलगा म्हणाला, ‘अगं, लिहून दिलं की बघतात आणि बहुतेक परत देतात.’

‘बहुतेक म्हणजे?’

त्याने तिकडच्या खात्याला पत्र लिहून विचारले आहे. उत्तराची वाट पाहणे चालू आहे. काकूंनी बॅग मात्र अर्धी भरून ठेवली आहे. जड सामान खाली, चाकांच्या बाजूला.